चित्राचार्य जॉन ग्रिफिथ्स

आमच्या वालूर गावच्या चक्राकार बारवेच्या काठावर उभे राहून खाली पाहिले असता पायऱ्यांचे फेरे वाटोळे होत उतरत गेलेले दिसतात. मातीने बुजलेली ही बारव अलीकडे ग्रामस्थांनी श्रमदानाने मोकळी केली. हिचे चित्र काढावयास सांगितले, तर बहुतेक विद्यार्थी पहिल्या दगडापासून आरंभ करतात, आणि चौथ्या दगडापाशी त्यांचे चित्र वाकडे होते. जो आधी मोठे वर्तुळ आखतो, त्याचे दगड मात्र आपोआप आपापल्या जागी बसतात. फुलापानांचेही असेच आहे. हे शिक्षण मुंबईतील तरुणांस तीस वर्षे देणाऱ्या एका थोर शिक्षकाचे चरित्र बालवाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

जॉन ग्रिफिथ्स यांचा जन्म सन 1837 मध्ये वेल्स देशात झाला. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील सरकारी कलाशाळेत घेतले. तेथील अभ्यासक्रमाच्या 23 पायऱ्या असत. आरंभ सरळ व वक्र रेषांपासून आणि भूमितीच्या आकृतींपासून होई; फुलापानांची पाळी त्यानंतर येई. अशा शिस्तीत तयार झालेले ग्रिफिथ्स सन 1865 मध्ये मुंबईस आले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून निघालेली कलाशाळा सन 1857 मध्ये सुरू झाली होती. तेथे ते अध्यापक झाले, आणि पुढे शाळेची धुराही त्यांच्याच खांद्यावर आली.

ही रीत कशी असते, ते थोडक्यात सांगतो. आंब्याचे पान काढावयाचे तर प्रथम त्याची मधली शीर एका रेषेने दाखवावी. तिच्या दोन्ही बाजूंस दोन कमानी काढाव्यात आणि मग बारीक शिरा भराव्यात. धोतऱ्याचे फूल म्हणजे शंकू, वांगे म्हणजे लंबगोल, देठ म्हणजे दंडगोल. कमळ वरून पाहिल्यास वर्तुळ होय. त्याचे समान भाग पाडले की पाकळ्यांच्या जागा ठरतात. हा सांगाडा प्रथम अगदी फिकट रेषांनी काढावयाचा असतो. नंतर खऱ्या पानाकडे पाहून त्याचा बाक, दुमड आणि किडीने खाल्लेली कडसुद्धा त्यावर उतरवावयाची असते. सांगाड्यावाचून चित्र उभे राहत नाही, आणि निरीक्षणावाचून त्यात जीव येत नाही.

सन 1872 मध्ये मुंबई सरकारने ग्रिफिथ्स यांस अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याचे काम दिले. आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन ते लेण्यांत जात. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील एक नामांकित शिष्य होत. पहिल्या लेण्याचे छत पाहून त्या तरुणांस काय वाटले असेल! छताची विभागणी चौकोनांत व वर्तुळांत केलेली, आणि त्या चौकटींत कमळे, फळे, पक्षी व हत्ती डौलाने बसविलेले. साउथ केन्सिंग्टनचा धडा आपल्याच भूमीतील कारागिरांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी गिरविलेला होता!

तेरा वर्षांच्या अवधीत अंधाऱ्या गुहांत राबून सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. ती लंडनला पाठविण्यात आली. परंतु सन 1885 मध्ये तेथील संग्रहालयाच्या एका भागास आग लागून शंभराहून अधिक चित्रे भस्मसात झाली. त्यांच्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकलांचीही सन 1866 मध्ये अशीच राख झाली होती. एवढ्या आघाताने एखादा खचून गेला असता. ग्रिफिथ्स यांनी मात्र उरलेल्या साहित्यातून अजिंठ्याच्या चित्रांवर दोन मोठे खंड सिद्ध केले व ते सन 1896–97 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या हातून चूक झालीच नाही असे नव्हे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावण्यात आले, त्याने मूळ चित्रांस पुढे अपाय झाला. हेतू चांगला असला तरी उतावीळ हात नुकसान करतो, हाही धडा त्यांच्या चरित्रातून घ्यावा.

सन 1878 ते 1888 या काळात मुंबईत बोरीबंदरचे भव्य स्थानक उभे राहिले. आज त्यास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. त्यावरील वेलपत्तीचे व प्राणिपक्ष्यांचे नक्षीकाम याच कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या परिश्रमाचे फळ आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर सन 1890 मध्ये या शाळेत दाखल झाले आणि पुढे तेथेच नामवंत अध्यापक झाले. सन 1895 मध्ये ग्रिफिथ्स निवृत्त होऊन मायदेशी परतले व सन 1918 मध्ये निवर्तले.

विद्यार्थ्यांनो, कागद जळतो, पण शिकलेला डोळा व वळण लागलेला हात जळत नाही. तो एका पिढीकडून दुसरीकडे जातो. चित्राच्या तासाला रंगपेटी उघडण्याची घाई करू नका. आधी मधली शीर काढा. पालकांसही विनंती अशी की, मुलाच्या वहीत नुसती वर्तुळे व रेषा दिसल्या तर तो वेळ दवडीत आहे असे समजू नये. त्या वर्तुळातच उद्याचे कमळ आहे.