डॉ. कमल रणदिवे, पांढरे उंदीर आणि तुमचा बायोप्सी रिपोर्ट

स्तनाच्या कर्करोगाचा बायोप्सी रिपोर्ट आला की त्यात शेवटी तीन नावे दिसतात : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिली दोन हार्मोनशी संबंधित. तिसरे नाव पेशींच्या वाढीशी संबंधित आहे. पेशीला वाढायला सांगणारी जी प्रथिने शरीरात असतात त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात, आणि ती प्रथिने पेशीवर जिथे येऊन चिकटतात त्या जागांच्या कुळातली हर-टू ही एक जागा. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण पंधरा ते वीस जणींमध्ये ही जागा पेशीवर गरजेपेक्षा फार जास्त असते. ती तशी आहे की नाही यावर पुढची औषधे, खर्च आणि कालावधी ठरतो.

ही तपासणी उंदरांशिवाय आपल्यापर्यंत आलीच नसती. भारतात उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास ज्यांनी रुजवला त्या डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी छावणीतल्या माझ्या ओपीडीत क्वचितच कुणाला माहिती असते. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिवशी गुगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले तेव्हा थोडी चर्चा झाली, आणि विरली.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. घरात मुलींच्या शिक्षणाबद्दल दुमत नव्हते. शाळा हुजूरपागा, कॉलेज वडिलांचेच. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन ती विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली, पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेली, आणि १९३९ साली तिने ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञाशी लग्न केले. एम.एस्सी.च्या अभ्यासात पतीची बरीच मदत झाली. १९४३ साली मिळालेल्या त्या पदवीचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे. दौलताबादच्या सीताफळांवर वाढलेल्या आपल्या शहराला हा तपशील आवडावा.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले होते. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. ते विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणारे डॉक्टर. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. ध्यानात घ्या, या बाईंकडे एमबीबीएस नव्हते. रुग्णाला तपासण्याचा, औषध लिहून देण्याचा त्यांचा व्यवसाय नव्हता. कर्करोगावरच्या अनेक मूलभूत गोष्टी अशाच, स्टेथोस्कोप न लावणाऱ्या माणसांनी शोधल्या आहेत, हे आम्ही डॉक्टर मंडळी सोयीस्करपणे विसरतो.

खानोलकरांच्या सांगण्यावरून त्या अमेरिकेत, बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेल्या. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या नळीत जिवंत ठेवायच्या, त्यांना वाढवायचे, हे तंत्र त्यांना शिकायचे होते. याला टिश्यू कल्चर म्हणतात. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या, आणि त्या आजही जगभर वाढत आहेत. त्या काळी पेशींना खायला काय घालायचे हेच मोठे कोडे होते. कोंबडीच्या रक्तातला द्रव, भ्रूणाचा अर्क, बाळाच्या नाळेतल्या रक्ताचे सीरम असे काय काय मिसळून खाद्य तयार करत. नुसती साखर आणि क्षार दिले तर पेशी मरत, भ्रूणाचा अर्क घातला की जोमाने वाढत. त्या अर्कात असे काय होते? आज त्याचे उत्तर ठाऊक आहे. त्यात ग्रोथ फॅक्टर होते.

ते ओळखू आले तेही उंदरांमुळेच. रिटा लेवी-मोंताल्चिनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदराच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणाजवळ ठेवला, तर भ्रूणाच्या मज्जातंतूंना भरमसाट फांद्या फुटल्या. पुढे त्यांनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी ते प्रथिन वेगळे काढले. कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत त्वचेच्या पेशी वाढवणारे आणखी एक प्रथिन सापडले. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. हर-टू हे नाव कोहेन यांच्या त्या दुसऱ्या प्रथिनावरूनच आलेले आहे.

परळची प्रयोगशाळा

बाई परत आल्या. त्या काळात परत येणे हा निर्णयच होता, आणि पुढे परदेशात शिकणाऱ्या तरुणांनाही त्या परत या म्हणून आग्रह करत राहिल्या. १९५२ साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि तिथे त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा सुरू केली. भारतातली ती पहिली. पेशींसाठी लागणारे खाद्यद्रव आणि रसायने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इथेच बनवली.

त्यांच्या कामाचा मुख्य भाग मात्र उंदरांचा. एकाच जातीच्या पांढऱ्या उंदरांचे वेगवेगळे वाण असतात. काही वाणांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होतो, काहींना जवळपास होतच नाही. दोघींच्या स्तनग्रंथी वयाच्या प्रत्येक टप्प्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक कुठे सुरू होतो? आईच्या दुधातून पिलांमध्ये जाणारा एक विषाणू उंदरांत हा रोग घडवतो, हे अमेरिकेतल्या बिटनर यांच्या १९३६ च्या निरीक्षणापासून हळूहळू स्पष्ट झाले होते. मग विषाणू असूनही सगळ्या माद्यांना एकसारखा रोग का होत नाही? आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू हे तिन्ही एकमेकांत कसे गुंतलेले असतात यावर डॉ. रणदिवे यांनी वर्षानुवर्षे काम केले. कर्करोगाला एकच कारण शोधण्याचा तो काळ होता. तिथे अनेक कारणांची सांगड मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या. रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कर्करोगही त्यांनी प्राण्यांमध्ये अभ्यासला.

(इथे एक खुलासा. लहान उंदीर तो माऊस, मोठा तो रॅट. मराठीत दोघेही उंदीरच, पण प्रयोगशाळेत दोन अगदी वेगळे प्राणी. माऊसची तपासणी रॅटवर सरसकट चालत नाही.)

मोजायचे कसे?

कमलताईंच्या उमेदीच्या काळात वाढ मोजायची म्हणजे किती माद्यांना गाठ आली, कितव्या महिन्यात आली, गाठ किती मिलिमीटर, काचपट्टीवर किती पेशी विभागताना दिसल्या, असे मोजत. वाढ घडवणारे प्रथिन थेट मोजायची सोय नव्हती, कारण ते रक्तात इतके थोडे असते की नेहमीच्या रासायनिक तपासण्यांना ते दिसतच नाही. ही मोजणी पिकोग्रॅममध्ये होते. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

वाट सापडली ती अँटीबॉडीमुळे. अँटीबॉडी फक्त आपल्या ठरलेल्या प्रथिनाला पकडते, कुलपाला एकच किल्ली लागावी तशी. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये या गुणाचा उपयोग करून रक्तातले इन्शुलिन मोजले. ते काम १९६० च्या सुमाराचे. त्यात किरणोत्सर्गी पदार्थ लागत. १९७१ साली स्वीडनमध्ये त्याऐवजी रंग आणणारे एन्झाइम वापरले गेले आणि एलायझा तपासणी जन्माला आली. तुमची थायरॉइडची टीएसएच तपासणी याच घराण्यातली आहे.

आज एखाद्या संशोधकाला रॅटच्या रक्तातला ग्रोथ फॅक्टर मोजायचा असेल तर तो ९६ खड्ड्यांची प्लास्टिकची थाळी घेतो. खड्ड्यांच्या तळाला अँटीबॉडी आधीच चिकटवलेली असते. त्यात नमुना घालायचा. प्रथिन तळाला अडकते, बाकीचे धुऊन टाकायचे. मग दुसरी अँटीबॉडी, जिच्या पाठीवर एन्झाइम असते. ती वरून बसते. पुन्हा धुवायचे, रसायन घालायचे, रंग येतो. रंग जितका गडद तितके प्रथिन जास्त. शेजारच्या खड्ड्यांत माहीत असलेल्या प्रमाणाचे द्रव असतात, त्यांच्याशी तुलना करून आकडा काढतात.

ऐकायला सोपे वाटते, पण आकडा बिघडायला फार काही लागत नाही. रक्त गोठू दिले तर प्लेटलेट फुटून आपल्याजवळचे ग्रोथ फॅक्टर सोडतात, त्यामुळे त्याच प्राण्याच्या सीरममध्ये काही प्रथिने प्लाझ्मापेक्षा कितीतरी जास्त दिसतात. नमुना वारंवार गोठवला, वितळवला तरी आकडा बदलतो. माणसासाठी बनवलेला किट रॅटवर वापरला तर अँटीबॉडी प्रथिन नीट पकडेलच असे नाही. म्हणून दोन प्रयोगांतले आकडे शेजारी ठेवताना नमुना कशाचा आणि किट कोणता हे आधी पाहावे लागते.

हे सगळे पेशंटला कशाला? कारण केमो चालू असलेल्या आईचा मुलगा मोबाइल पुढे करतो. हळदीच्या अर्काने रॅटमध्ये अमुक ग्रोथ फॅक्टर निम्मा झाला, अशा धाटणीची बातमी असते, आणि प्रश्न असतो की पुढचे सलाइन थांबवून हेच द्यावे का. असा प्रयोग खोटा असेलच असे नाही. पण हिशेब करून पाहा. समजा रॅटला रोज दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले. रॅटच्या मात्रेवरून माणसाची मात्रा ढोबळमानाने काढताना सहाने भागतात, म्हणजे दर किलोला ३२ मिलिग्रॅमच्या आसपास. ६० किलोच्या बाईला जवळपास २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन. हळदीत ते साधारण तीन टक्के धरले तर रोज साठ-पासष्ट ग्रॅम हळद! आणि एवढे करून मोजला गेला तो रक्तातला एक आकडा. गाठ किती कमी झाली, प्राणी किती जगला, हा वेगळा प्रश्न. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर असे अर्क रक्तस्राव वाढवू शकतात. केमोची पुढची तारीख चुकवण्याइतके बळ त्या बातमीत नाही.

उलट, रॅटमधला शोध माणसापर्यंत नीट पोहोचला तर काय होते ते हर-टूमध्ये दिसते. १९८० च्या दशकात रॅटच्या मज्जासंस्थेच्या गाठीत एक बिघडलेले जनुक सापडले. माणसात त्याचेच भावंड निघाले, तेच हर-टू. मग स्तनाच्या गाठींमध्ये ते पाहिले गेले, त्याविरुद्ध अँटीबॉडी बनली, रुग्णांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या झाल्या, आणि १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. उंदीर ते सलाइन हे अंतर कापायला दीड दशक लागले.

तुमच्या रिपोर्टमध्ये हर-टूसमोर ० किंवा १+ असेल तर तो निगेटिव्ह धरतात, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ म्हणजे अजून ठरलेले नाही. अशा वेळी फिश नावाची पुढची तपासणी लागते, आणि ती त्याच बायोप्सीच्या मेणातल्या ठोकळ्यावर होते. तो ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून घ्या, जपून ठेवा. शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला जाताना बरोबर न्या. पुन्हा सुई टोचण्याची वेळ बहुधा येत नाही.

कुष्ठरोग आणि राजूर

डॉ. रणदिवे यांच्या नावावर आणखी एक मोठे काम आहे. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. त्याला संस्थेच्या नावावरून आयसीआरसी बॅसिलस म्हणतात. पुढे त्यापासून लस तयार झाली आणि दक्षिण भारतात तिची मोठी चाचणीही झाली. तो जंतू खुद्द कुष्ठरोगाचा नसून त्याचा दूरचा नातेवाईक होता असे नंतर ठरले. कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या नळीत वाढवणे आजही कुणाला जमलेले नाही. माझ्या मते याने त्या कामाचे मोल कमी होत नाही, कारण नातेवाईक जंतूपासूनही शरीराला शत्रूची ओळख करून देता येते. क्षयाची बीसीजी लसही अशीच गाईच्या क्षयजंतूपासून आलेली आहे.

१९६६ ते १९७० त्या संस्थेच्या संचालक होत्या. १९७३ साली अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या राजूरला जाऊ लागल्या. तिथल्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि गावातल्या बायकांना आरोग्याची प्राथमिक माहिती शिकवली. आयुष्यभर पिकोग्रॅमच्या जगाच्या उंबरठ्यावर काम केलेल्या बाई आता मुलांची वजने किलोत घेत होत्या. २००१ साली त्यांचे निधन झाले. त्यांची परळची संशोधन संस्था त्यानंतर लवकरच नवी मुंबईत खारघरला हलली, तिथे उंदरांचे वाण आजही सांभाळले जातात.