रस्ता रुंद करण्याआधी गल्ली पायी फिरणारा माणूस

खाप्याला कधी गेलात? नागपूर जिल्ह्यातलं, कन्हानच्या काठावरचं विणकरांचं जुनं गाव. इथली नगरपालिका 1867 सालची! अशा गावाच्या विकासाचा विषय निघाला की आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? रस्ता रुंद करा. या उत्तराशी आयुष्यभर भांडलेला माणूस म्हणजे पॅट्रिक गेडिस.

जन्म 1854, स्कॉटलंड. शिकला जीवशास्त्र, पण डिग्री काही घेतली नाही. (घरी हे उदाहरण देऊ नका, पठ्ठ्या पुढे प्रोफेसर झाला.) 1879 मध्ये मेक्सिकोत त्याची दृष्टी गेली. काही आठवड्यांनी ती परतली, पण सूक्ष्मदर्शकाचं काम जवळपास सुटलंच. मग हळूहळू तो शहरांकडे वळला, तेही जिवंत प्राण्याकडे बघावं तसं.

1886 मध्ये ॲनाशी लग्न झाल्यावर हे जोडपं राहायला गेलं एडिंबराच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत. शेजाऱ्यांना सोबत घेऊन झाडलोट केली, भिंतींना चुना फासला, मोकळ्या जागेत झाडं लावली. जवळच विद्यार्थ्यांसाठी हॉस्टेल काढलं, त्याचा कारभारही विद्यार्थ्यांकडेच!

1914 मध्ये तो भारतात निघाला. नगररचनेचं त्याचं प्रदर्शन दुसऱ्या जहाजावर होतं, ते जर्मनांच्या एमडेन युद्धनौकेनं बुडवलं. त्यानं नवं उभं केलं. गावोगावी तो आधी पायी फिरायचा, मग नकाशा काढायचा. इंजिनिअर नकाशावर सरळ रेघ मारत आणि रेघेखाली आलेली घरं जात. गेडिस एकेक घर बघायचा. अगदी पडकं तेवढंच पाडायचं, त्या जागेत चौक करायचा, झाड लावायचं, विहीर बुजवण्याऐवजी उपसायची. याला तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणायचा.

खाप्यासारख्या गावात याचा अर्थ काय? हातमाग घरातच असतो. रुंदीकरणात पुढची खोली गेली, तर घरासोबत धंदाही जातो. नुकसानभरपाईच्या कागदावर भिंत मोजली जाते, माग नाही.

इंदूरची गोष्ट तर भन्नाट आहे. प्लेगची दहशत होती. गेडिसनं होळकर महाराजांकडे एका दिवसापुरतं राज्य मागितलं आणि जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक ज्या भागात घरं सगळ्यात स्वच्छ, तिथूनच जाणार. झालं! लोक घरं झाडायला, रंगवायला लागले, कचऱ्याच्या गाड्या भरभरून गेल्या. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या कपड्यांत, हार घालून मानानं चालले. शेवटी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर जाळला. लोकांना धाक न घालता काम झालं, हे मला त्याच्या सगळ्या आराखड्यांपेक्षा मोठं वाटतं.

1917 मात्र क्रूर ठरलं. मुलगा ॲलास्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तापानं अंथरुणाला खिळलेली, म्हणून गेडिसनं तिला ते कळूच दिलं नाही. ती गेली, मुलगा जिवंत आहे असं समजूनच. तो काम करत राहिला. त्या काळात त्यानं आपल्या नागपूरवरही अहवाल लिहिला. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनाही वर्गाबाहेर, गल्ल्यांमध्ये घेऊन जायचा. 1932 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे त्याचं निधन झालं. तिथेही त्यानं विद्यार्थ्यांसाठी एक हॉस्टेल उभारलं होतं.