खराटा दिसला, धर्मशाळा दिसली का?

अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ. या पाच जिल्ह्यांतल्या बहुतेक कॉलेजांत शिकत असाल, तर तुमच्या मार्कशीटवर एक नाव छापलेलं असतं. संत गाडगेबाबा. परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, डिग्री, सगळीकडे तेच नाव. इतकं रोजचं झालंय की आपण ते वाचतच नाही. आणि गंमत म्हणजे, ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची डिग्री आपण मिरवतो, ते स्वतः शाळा शिकलेले नव्हते.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हातातला खराटा, डोक्यावरचं गाडगं आणि सरकारचं ग्रामस्वच्छता अभियान. बस, संपला विषय. पण बाबांचं आणखी एक काम आहे. त्याचा फायदा आजही आपल्याच वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना होतो. विशेषतः ज्या घरातल्या लेकराला कॅन्सर झालाय, त्या घराला. आज त्या कामाची आणि ते करणाऱ्या माणसाची गोष्ट.

मामाच्या घरचा पोरगा

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर या परीट कुटुंबात मुलगा झाला. नाव ठेवलं डेबूजी. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा होता. घर उघड्यावर पडलं. सखुबाईंनी लेकराला घेतलं आणि माहेरची वाट धरली. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे ते गाव. तिथे मामा चंद्रभानजींनी दोघांना आसरा दिला.

डेबूजी गुरं राखायला लागला, मग नांगर धरला. शेतीत त्याचा हात चांगला बसला. पण घराला दुसरा फटका बसला तो सावकाराचा. मामांना कागदावरचं वाचता येत नव्हतं. अंगठा उठवला आणि जमीन गेली. त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. डेबूजी मात्र सावकारापुढे वाकला नाही, औत घेऊन शेतात उभा राहिला. पुढे आयुष्यभर कीर्तनातून बाबा दोन गोष्टी लोकांच्या डोक्यात भरवत राहिले. कर्ज काढून सण करू नका, आणि पोरांना शिकवा. हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. घरात सोसलेलं होतं.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिल्या मुलीचं बारसं आलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भाऊबंदांना दारू-मटणाचं जेवण द्यायला हवं होतं. डेबूजींनी गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद चिडले, हे हलले नाहीत.

आणि मग १ फेब्रुवारी १९०५ ला ते घर सोडून निघाले.

हा भाग आपण नेहमी घाईत उरकतो. संत झाले, मोठं काम केलं, झालं. पण मागे राहिलेल्या घराचं काय? म्हातारी आई, बायको, लहान लेकरं. संसाराचा सगळा भार सखुबाई आणि कुंताबाईंवर आला. पुढे मुलगा गोविंदा गेला तेव्हाही बाबा घरी नव्हते, दूर कोकणात कीर्तन करत होते. बातमी तिथे पोहोचली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. बाबांना मानणाऱ्या माणसालाही हा प्रसंग वाचून गप्प व्हायला होतं. तो गोड करून सांगण्यात अर्थ नाही. याच माणसाने पुढे दुसऱ्यांच्या आईबापांना आजारी माणसाजवळ राहता यावं म्हणून घरं बांधली, एवढं लक्षात ठेवू.

आधी खराटा, मग विटा

अंगावर चिंध्यांचं ठिगळ लावलेलं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. डोक्यावरचं गाडगं जेवायच्या वेळी ताट व्हायचं. गावात शिरले की कुणाशी न बोलता झाडायला लागायचे. दिवसभर गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. त्यात लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तरं काढून घ्यायचे. दारू, कर्ज, नवस, कोंबड्या-बकऱ्यांचे बळी, शिवाशिव, सगळ्यांवर वऱ्हाडी बोलीत झोड उठवायचे. पाया पडू द्यायचे नाहीत. कुणाला शिष्य करून घेतलं नाही.

पण फक्त बोलून त्यांचं भागत नव्हतं. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. नदीत उतरायला यात्रेकरूंचे हाल व्हायचे. १९०८ मध्ये बाबांनी तिथे घाट उभा केला. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा झाली. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा झाली. ज्यांना जातीमुळे कुणी ओसरीवरही टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी. नाशिक, आळंदी, देहू, जिथे गरीब माणूस जातो आणि उघड्यावर झोपतो, तिथे तिथे बाबा पोहोचले.

पैसा कुठून आला? लोकांकडून. कुणी आणा दिला, कुणी हजार दिले, कुणी अंगमेहनत केली. बाबांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही आणि घरच्यांचा या संस्थांशी संबंध येऊ दिला नाही. एवढ्या धर्मशाळा बांधणाऱ्या माणसाचं कुटुंब झोपडीत राहत होतं. लोकांनी डोळे मिटून पैसे दिले ते यामुळे. ८ फेब्रुवारी १९५२ ला या कामासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

आणि १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ धर्मशाळा उभी राहिली. ही देवदर्शनाला येणाऱ्यांसाठी नव्हती. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती.

थांबून विचार करा. गावातून पेशंट आला तर हॉस्पिटल त्याला खाट देतं, औषध देतं. सोबत आलेल्या आईचं काय? ती रात्री कुठे झोपणार, चूल कुठे पेटवणार, अंघोळ कुठे करणार? परक्या शहरात दोन-चार दिवस फुटपाथवर निघतात, पुढे निघत नाहीत. मग ती पेशंटला उचलते आणि गावी परत जाते. म्हणजे औषध असूनही माणूस बरा होत नाही. शाळा न शिकलेल्या बाबांनी ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वी ओळखली होती.

दोन-तीन वर्षांची लढाई

आता आजच्या काळात या. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमिया. त्याचा जो प्रकार मुलांत सर्रास दिसतो, त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने फार कडक असतात. केमोथेरपीने कॅन्सरच्या पेशी मरतात, त्याबरोबर शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. अशा वेळी साधा ताप आला तरी काही तासांत डॉक्टर गाठावा लागतो. अस्वच्छ पाणी, रस्त्यावरचं खाणं, गर्दीतला खोकला, काहीही जिवावर बेतू शकतं. म्हणून राहायची जागा हॉस्पिटलजवळ हवी आणि स्वच्छ हवी. बाबांचा खराटा आणि बाबांची धर्मशाळा इथे एकत्र येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली जातं. आजार तोच असतो. फरक पडतो तो निदानाला उशीर झाल्याने, औषध न मिळाल्याने आणि उपचार मध्येच सुटल्याने.

उपचार मध्येच का सुटतात? आईबाप निष्काळजी असतात म्हणून नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनेतून उपचारांचा खर्च बराच निघतो. पण बुडालेली मजुरी, तीन माणसांचं जेवण, घरभाडं, गावी ठेवलेलं दुसरं लेकरू, पेरणीच्या वेळी रिकामं पडलेलं वावर, हे कुठल्या कार्डात बसत नाही. मग पुन्हा सावकार. पुन्हा तोच अंगठा. डेबूजीच्या मामाचं वावर ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने आजही वावरं जातात.

आपल्याकडचे पेशंट उपचारांना नागपूरला जातात. तिथे एक कॅन्सर हॉस्पिटल राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने आहे. मोझरीचे तुकडोजी महाराज बाबांच्या अगदी जवळचे. १९६८ मध्ये ते स्वतः कॅन्सरनेच गेले. आणि बरेच जण बडनेऱ्याला, मूर्तिजापूरला, अकोल्याला रात्रीची गाडी पकडून मुंबईला निघतात. परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे, १९४१ पासून. सकाळी दादरला उतरलेल्या या माणसांना तिथे जवळच एक ओळखीचं नाव दिसतं. गाडगे महाराज धर्मशाळा.

ही इमारत बाबांच्या पश्चात झाली. पण विचार जे. जे. जवळच्या धर्मशाळेचाच. देशभरातून टाटाला आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक इथे अगदी थोड्या पैशांत राहतात. बंगालमधलं कुटुंब, बिहारमधलं कुटुंब आणि दर्यापूरचं कुटुंब शेजारी शेजारी असतात. भाषा वेगळी, पण कुणाच्या लेकराचा रिपोर्ट चांगला आला हे भाषेशिवाय कळतं. जुने नव्यांना सांगतात, कुठल्या खिडकीवर आधी जायचं, कुठला कागद झेरॉक्स करून ठेवायचा. हीच मदत पुष्कळदा सगळ्यात मोठी ठरते. आता याच धर्तीवर इतर संस्थाही काम करतात. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड संस्था कॅन्सरच्या बालरुग्णांना आणि त्यांच्या आईबापांना मोफत राहायला जागा देते.

आठव्या महिन्यातली मदत

गावाचं मन मोठं असतं, यात वाद नाही. पोराला कॅन्सर झाल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यात अख्खं गाव दारात येतं. व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो, गणेश मंडळ वर्गणी काढतं, मित्र पाचशे-पाचशे टाकतात. पण आठव्या महिन्यात? तेव्हा फोनही येत नाही. आपलं चुकतं असं नाही, आपण थकतो. आणि लेकराची लढाई तर अजून अर्धीही झालेली नसते.

धर्मशाळेचं महत्त्व इथे आहे. ती थकत नाही. बांधणारा गेला तरी आसरा मिळतो. एका दिवसाच्या दयेपेक्षा रोज उघडं असणारं दार बाबांना जास्त कामाचं वाटलं, म्हणून त्यांनी दारं बांधली.

आपण धर्मशाळा नाही बांधू शकणार. पण टिकणारी मदत आपल्याला जमते. केमो चालू असलेल्या मुलांना रक्त आणि प्लेटलेट वारंवार लागतात, आणि प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणजे वर्षातून एकदा जयंतीला केलेलं शिबिर पुरत नाही. वय १८ पूर्ण, वजन ४५ किलोच्या वर आणि तब्येत ठणठणीत असेल, तर मुलगे तीन महिन्यांनी आणि मुली चार महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकतात. दहा जणांनी तारखा वाटून घेतल्या तर वर्ष भरतं. कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत आणि सोबत्याला ७५ टक्के सूट असते, हे कित्येक घरांना माहीतच नसतं. तो फॉर्म भरून देणं, योजनेची कागदपत्रं लावून देणं, मागे राहिलेल्या भावंडाचा अभ्यास घेणं, पेरणीला दोन दिवस वावरात जाणं. यातल्या कशालाच फार पैसा लागत नाही. आणि गावात कुणी अंगारा-धुपारा सुचवायला लागलं, तर लेकराला आधी डॉक्टरकडे न्या, हे ठामपणे सांगणं. आयुष्यभर बाबांनी तरी दुसरं काय सांगितलं?

आणि वर्गणी काढाल तर हिशेब चोख ठेवा. बाबांकडून एवढं तरी घ्याच.

डिसेंबर १९५६. तब्येत ढासळलेली होती. गाडी अमरावतीकडे निघाली होती. २० डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला. आयुष्यभर वाटसरूंसाठी घरं बांधणारा माणूस वाटेतच गेला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. तिच्यावरून तुम्ही कॉलेजला, क्लासला कितीदा गेला असाल.

पुढच्या वेळी मार्कशीट हातात आली की टक्के तर बघालच. वर छापलेलं नावही एकदा वाचा. त्या नावाच्या एका खोलीत आज रात्रीही कुणाचं तरी लेकरू आईच्या कुशीत झोपलेलं असेल, आणि उद्या सकाळी त्याला हॉस्पिटलला जायचं असेल.