न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : मने वळविणारा नेता



मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे जुन्या बोरीबंदरावर उतरलात, तर समोर अंजुमन-ए-इस्लामची भव्य इमारत दिसेल. ती पाहताना एका माणसाची आठवण अवश्य करा. सत्ता नाही, फौज नाही. केवळ समजावून सांगण्याच्या बळावर त्याने समाजाला शाळेच्या दारापर्यंत आणले. ते म्हणजे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील तय्यब अली व्यापारी. पण मुलांना विलायतेस शिकविण्याची हिंमत त्यांनी त्या काळी दाखविली. डोळ्यांच्या दुखण्यामुळे बद्रुद्दीन यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. प्रकृती सुधारताच ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. थोरले बंधू कमरुद्दीन त्याआधीच सॉलिसिटर झाले होते.

इंग्रजी शिकल्याने मुले दीन विसरतील, अशी धास्ती तेव्हा घरोघरी होती. बद्रुद्दीन यांनी या धास्तीची टिंगल केली नाही. बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आदी मंडळींसह त्यांनी १८७४ साली अंजुमन स्थापन केली आणि १८८० साली शाळा उघडली. आपल्या मुलींनाही त्यांनी शिकविले. लोकांना जे सांगायचे ते आधी स्वतःच्या घरी करायचे, ही त्यांची रीत. १८९३ साली बोरीबंदरासमोरील इमारत उभी राहिली.

पण वाचकहो, त्यांची खरी कसोटी लागली ती राजकारणात. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले आणि तय्यबजी अध्यक्ष झाले. सर्व देशाच्या प्रश्नांत मुसलमानांनी अलग राहण्याचे कारण नाही, असे त्यांनी तेथे मांडले. नेमक्या त्याच दिवसांत लखनौला सर सय्यद अहमद खान काँग्रेसपासून दूर राहा, असे सांगत होते. सर सय्यद म्हणजे अलीगढचे संस्थापक, समाजाचे वंदनीय पुढारी. त्यांच्याशी मतभेद मांडणे सोपे नव्हते.

तय्यबजींनी काय केले? त्यांनी सर सय्यद यांना पत्रे लिहिली. बाहेर राहून काँग्रेस थांबविता येणार नाही. आत जाऊन तिला वळण लावता येईल, हा त्यांचा मुद्दा. एवढ्यावर ते थांबले नाहीत. समाजाच्या मनातील भीती खरी आहे हे मान्य करून त्यांनी तिच्यावर उपाय सुचविला : ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल, तो चर्चेलाच घेऊ नये. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने तसा नियमच केला. विरोधकाच्या आक्षेपातून नियम घडविणे, हे खरे मन वळविण्याचे कसब.

तरीही सर सय्यद बदलले नाहीत आणि समाजातील बरेच लोक दूरच राहिले. १८८८ च्या अखेरीस तर तय्यबजींनी ह्यूमसाहेबांना पत्राने सुचविले, की काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे थांबवावीत. ते मानले गेले नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी नकार! पण त्यांनी कोणाशी वैर धरले नाही. ज्या शैक्षणिक परिषदेचे जनक सर सय्यद, तिच्याच १९०३ च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्षपद तय्यबजींनी भूषविले आणि पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध स्पष्ट बोलले. टाळ्या मिळतील तेच बोलावे, हा त्यांचा स्वभाव नव्हता.

जो दुसऱ्याला पटवू पाहतो, त्याने स्वतः ऐकून घेण्यासही तयार असले पाहिजे. १८९५ साली ते न्यायमूर्ती झाले. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. आधी नाकारला गेलेला जामीन तय्यबजींनी मंजूर केला. सरकारची मर्जी न पाहता त्यांनी वकिलाचा युक्तिवाद तोलला. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आज ओरडून बोलणाऱ्याची बाजू खरी वाटू लागते. तुम्ही वादसभेत उभे राहाल, उद्या पंचायतीत, कोर्टात किंवा वर्तमानपत्रात बोलाल, तेव्हा आधी समोरच्याची भीती समजून घ्या. तिला उत्तर द्या. आणि त्याने नाही म्हटले, तरी सलाम-दुआ तोडू नका. अधिवेशनातली भाषणे लोक विसरले. अंजुमनच्या वर्गांत मात्र आजही मुले-मुली शिकत आहेत.