माथ्यावर पाणी आणणारा रिके
फ्रान्सच्या कनाल द्यू मिदीवर बोटीने फिरतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मी मात्र त्यातले लॉकच बघत बसतो. दोन दारांमध्ये बोट घ्यायची, पाणी भरायचं, की बोट वर! पण दर वेळी माथ्यावरचं पाणी खाली जातं. ते पुन्हा आणायचं कुठून?

हे कोडं सोडवलं मिठाचा कर गोळा करणाऱ्या पिएर-पॉल रिकेने. (हो, तो इंजिनिअर नव्हता!) त्याने डोंगरातले ओढे नोरूझच्या खिंडीकडे वळवले, सँ-फेरेओलला धरण बांधलं. १६६७ला काम सुरू झालं. एका लॉकची भिंत कोसळल्यावर त्याने लॉक लंबगोल केले. बाकदार भिंत मातीचा दाब जास्त पेलते. स्वतःचा पैसाही ओतला. १६८०च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, मुलांवर कर्ज ठेवून. २४० किलोमीटरचा कालवा सुरू झाला मे १६८१मध्ये.