टाचणात न बसलेलं उत्तर

माझी भाची यंदा डी.एल.एड. करतेय. परवा रात्री अकरा वाजता बघते तर पोरगी पाठ टाचणाची वही पुढ्यात घेऊन रडकुंडीला आलेली. हेतुकथन, प्रस्तावना, विषय विवेचन, फलकलेखन, गृहपाठ, सगळे रकाने भरून झाले होते. तिची धास्ती एकच, मुलांनी ठरलेलं उत्तर दिलं नाही तर पुढे जायचं कसं?

मैत्रिणींनो, तिला काय सांगणार? माझाच एक सराव पाठ मला आठवला. विषय होता पाण्याचे उपयोग. घरी पाणी कुठून येतं, हा माझा पहिला प्रश्न आणि टाचणात अपेक्षित उत्तर, नळातून. मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, टँकर आला तर येतं. मी तिला खाली बसवलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलीकडून नळ वदवून घेतला. पाठ वेळेत संपला, वहीत 'उत्तम' असा शेरा मिळाला. त्या मुलीने मात्र तासभर पुन्हा हात वर केला नाही. तिचं उत्तर तर खरं होतं!

पुढे नोकरीत असताना अनुताई वाघ यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन हाती आलं आणि आपण काय चुकलो ते लख्ख कळलं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. आपल्या मुली सातवी-आठवीत असतात ते हे वय. त्या काळी अशा मुलीच्या नशिबी माजघराचा कोपरा ठरलेला. पण अनुताई शिकल्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. आधी चांदवडला आणि १९३३ पासून पुण्यात हुजूरपागेत शिकवलं. दिवसा शिकवायचं नि रात्रीच्या शाळेत शिकायचं, असं करून १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बी.ए. व्हायला मात्र १९६१ उजाडलं. तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या!

पण त्यांचं खरं ट्रेनिंग सुरू झालं ते १९४५ मध्ये. बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. बालशिक्षण खेड्यात न्यायचं ताराबाईंनी मनावर घेतलं होतं. हुजूरपागा सोडून आलेल्या अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथे बालवाडी काढली, तर मुलं येईनात. पंधरा वर्षं वर्गात शिकवलेली बाई, पण समोर मुलंच नाहीत! टाचणात याला रकाना कुठला?

मग दोघींनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार कशी? म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं यांवरच मोजणं नि रंग-आकार ओळखणं सुरू झालं. आज आपण सर्रास म्हणतो त्या अंगणवाडीचं मूळ इथलं. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, त्यातही हेच नाव घेतलं गेलं.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. इथली मुलं दिवसभर गुरांमागे. गुरं सोडून शाळेत या म्हणणं सोपं, पण मग घरचं काम कोणी करायचं? म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं चरायची तिथेच बाई जायच्या. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठी बहीण घरी राहायची. तर पाळणाघर, बालवाडी नि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तीच विकासवाडी. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तरी अनुताईंनी कोसबाड सोडलं नाही. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

अनुताईंनी तयारी सोडली असं कुणी समजू नये. खडे-शिंपले वेचून ठेवायचे, पाड्यावर वेळेत पोचायचं, हे काही आयत्या वेळी जमत नाही. पण त्यांच्या तयारीची सुरुवात मुलाच्या दिवसापासून व्हायची. ते सकाळी काय करतं, त्याच्या हाताला काय लागतं, ते का येत नाही, हे आधी. धडा नंतर.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की अपेक्षित उत्तरांखाली दोन ओळी कोऱ्या ठेव. वेगळं उत्तर आलं तर ते तिथे लिही आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ तिथून सुरू कर. तिने वही मिटली आणि झोपायला गेली. मी मात्र बराच वेळ जागी होते. मागच्या रांगेतली ती टँकरवाली मुलगी आता स्वतः आई झाली असेल.