कुलाब्याच्या वेधशाळेचे नानाभाई मूस

आमच्या नवीन पनवेलमध्ये, कळंबोलीकडे जाणाऱ्या महामार्गालगत, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. कॉलेजला येता-जाता तिची पाटी मी कितीदा तरी वाचली होती. पण मी पडलो कलाशाखेचा विद्यार्थी. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी आपला काय संबंध, असे मनाशी म्हणून मी पुढे जात असे. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. तेव्हा विचारणार तरी कोणाला? इतिहासाच्या एका टिपणासाठी ग्रंथालयात जुन्या मुंबईविषयी वाचत असताना ट्रामच्या हकिगतीत एक नाव भेटले आणि त्या पाटीचा अर्थ उलगडला. ते नाव होते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस.

नानाभाईंचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी मुंबईच्या एका पारशी कुटुंबात झाला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, १ व २ सप्टेंबरला, सूर्यावर प्रचंड उत्पात होऊन पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले होते. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे त्याने बिघडवली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूचीही त्या वेळी भरकटली आणि तेथील निरीक्षकांनी ती भरकट वहीत टिपून ठेवली. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकबलाच्या नोंदी होत होत्या. पुढे याच वह्यांचे राखणदार व्हायचे नानाभाईंच्या वाट्याला आले.

पुढे ते स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात शिकले. १८९६ साली त्यांच्याकडे कुलाबा वेधशाळेचे संचालकपद आले. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. साहेबाच्या राज्यात अशी जागा सहजासहजी मिळत नसे, आणि मिळाली तरी टिकवणे त्याहून अवघड. नानाभाईंनी ती तेवीस वर्षे सांभाळली.

१२ जून १८९७ रोजी आसामात महाभयंकर भूकंप झाला. त्यानंतरच्याच वर्षी, १८९८ मध्ये, नानाभाईंच्या कारकिर्दीत कुलाब्याला मिल्न पद्धतीचे भूकंपमापक यंत्र बसले. दूर कोठेतरी धरणी हलावी आणि त्याची रेघ मुंबईत उमटावी, हे त्या काळी नवलच होते. पदार्थविज्ञान केवळ प्रयोगशाळेच्या टेबलापुरते नसून जमिनीच्या पोटात काय चालले आहे हे सांगू शकते, याची ही साक्ष होय.

परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती ट्रामने. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालवण्याचे ठरू लागले. ट्रामच्या रुळांतून परतणारी वीज थोडीफार जमिनीत झिरपते आणि जेथे वीज वाहते तेथे चुंबकबल निर्माण होते. म्हणजे दर ट्रामगणिक वेधशाळेतील सुई हलणार आणि पृथ्वीची हालचाल कोणती व ट्रामची कोणती हे ओळखता येणार नाही. धुराने हवा बिघडते तशी विजेने ही नोंद बिघडणार होती. शहराची सोय अडवून धरावी तर ते शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. गप्प बसावे तर साठ वर्षांची तपश्चर्या वाया जाणार होती.

नानाभाईंनी तिसरा मार्ग काढला. त्यांनी वेधशाळेचा चुंबकीय विभागच हलवायचे ठरवले. जागा निवडली अलिबाग. मुंबईपासून फार दूर नाही, हवामान सारखेच आणि आगगाडीचा वा विजेचा उपद्रव नाही. तेथे चुंबकीय गुण नसलेला दगड पारखून आणला आणि इमारत बांधली. तीत लोखंडाचा खिळासुद्धा वापरला नाही. माझे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. त्यांना मी हे सांगितले तेव्हा, मग दारांच्या बिजागऱ्या कशाच्या, एवढेच त्यांनी विचारले. तांब्या-पितळेच्या, म्हटल्यावर ते बराच वेळ विचारात पडले.

१९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले. तरीही नानाभाईंनी कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. नवी पायली वापरात आणताना तेच धान्य आधी जुन्या व नव्या अशा दोन्ही पायल्यांनी मोजून पाहावे, तसाच हा प्रकार. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतील फरक कळल्यामुळे जुना व नवा धागा एकमेकांस जोडला गेला. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा अलिबागची सुई आपले काम शांतपणे करीत होती.

१९१० साली नानाभाईंनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध केल्या. त्यांनी नुसती आकड्यांची रास रचली नाही, तर अनेक वादळांच्या नोंदी एकत्र मांडून चुंबकीय वादळ कसे सुरू होते, कसे वाढते आणि कसे ओसरते याची सरासरी चाल दाखवली. पुढच्या संशोधकांना त्याचा मोठा आधार झाला. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १२ जानेवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

या सर्वाचा उपयोग काय, असा प्रश्न माझ्यासारख्याला पडणारच. १३ मार्च १९८९ रोजी अशाच एका चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली व साठ लाख लोक अंधारात बसले. असे वादळ जास्तीत जास्त किती मोठे असू शकेल, हे जगाला जाणून घ्यायचे होते. त्याचे उत्तर मिळाले कुलाब्याच्या जुन्या वह्यांतून. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ज्यात आपल्या गावातल्या याच संस्थेचे शास्त्रज्ञ होते, १८५९ च्या त्या वादळात कुलाब्याचे चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे दाखवले गेले. ज्यांनी ते आकडे लिहिले त्यांना ते कोणाच्या उपयोगी पडतील याची कल्पनाही नसेल.

नानाभाईंनी कोणता चमत्कारिक शोध लावला नाही, की फाशीच्या दोराला ते सामोरे गेले नाहीत. रोजचे काम रोज नीट करायचे आणि आपल्या हाती आलेला धागा तुटू द्यायचा नाही, एवढेच त्यांनी केले. पण अलिबागची वेधशाळा आज शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, ती त्यामुळेच. आता ती पाटी दिसली की मी क्षणभर थांबतो. आपल्या घराण्यात शिक्षणाचा धागा माझ्यापासून सुरू झाला आहे. तो तुटू द्यायचा नाही, एवढे मी नानाभाईंकडून शिकलो.